बॅटरी डिकीत नेताना केबलचा हिशोब

गाडीची बॅटरी बॉनेटखालून काढून डिकीत बसवणे हे काम वरकरणी अर्ध्या दिवसाचे वाटते. एक लांब केबल, एक पेटी, चार नटबोल्ट आणि पत्र्याला एक भोक एवढ्यावर ते उरकते असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि अनेक गॅरेजांत ते तसे उरकूनही मिळते. लक्ष सगळे बॅटरीवर असते आणि धोका सगळा केबलमध्ये असतो. बॅटरी पुढे असताना तिच्यापासून सेल्फपर्यंत, म्हणजे स्टार्टर मोटारीपर्यंत जाणारी मुख्य केबल जेमतेम एक मीटर लांब असते. बॅटरी डिकीत गेली की हीच केबल साडेचार-पाच मीटरची होते. ती मागच्या सीटखालून, प्रवाशांच्या पायांजवळून, पत्र्याच्या धारांवरून आणि शेवटी फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्यातून, इंजिनापर्यंत पोहोचते, आणि किल्ली काढून गाडी उभी असतानाही तिच्यात बॅटरीची पूर्ण ताकद हजर असते. म्हणून हे काम करायचे की नाही, आणि करायचे तर कसे, याचा विचार केबलपासूनच सुरू करावा लागतो.

कारखान्यातूनच बॅटरी मागे घेऊन आलेल्या गाड्या नव्या नाहीत. १९५९ साली आलेल्या मूळ मिनीत ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्याच खाली घातला आणि पुढचा भाग इतका आखूड केला की बॅटरीला डिकीच्या तळाशी जागा द्यावी लागली. १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनी गाडीत बॅटरी डिकीच्या एका कोपऱ्यात होती आणि तिच्यातून निघणारा वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या कंपनीनेच बसवल्या होत्या. बीएमडब्ल्यूने तर पुढच्या आणि मागच्या चाकांवर सारखे वजन पडावे म्हणून अनेक मॉडेलांत बॅटरी मागे नेली. कंपनी करते तर आपण का करू नये, असा प्रश्न या गाड्यांकडे बोट दाखवून विचारला जातो, आणि त्याचे उत्तर याच गाड्यांच्या तपशिलात आहे. अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांत प्लस टर्मिनलच्या क्लॅम्पमध्ये एक छोटी स्फोटक कुपी असते. एअरबॅगच्या यंत्रणेने मोठी धडक ओळखली की ती कुपी उडते आणि सेल्फ व ऑल्टरनेटरकडे (इंजिनाच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडे) जाणारी जाड केबल क्षणात बॅटरीपासून वेगळी होते, तर धोक्याचे दिवे, दरवाज्यांची कुलुपे यांसारख्या गोष्टींचा पुरवठा चालू राहतो. एवढी काळजी घेऊनही २०१३ मध्ये अमेरिकेत या कंपनीला थ्री सिरीज आणि इतर काही मॉडेलांच्या सुमारे ५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, कारण बॅटरीच्या प्लस केबलचा फ्यूजबॉक्सशी असलेला जोड कालांतराने खराब होऊन पुरवठा तुटण्याची शक्यता होती. संपूर्ण गाडी नव्याने आखणाऱ्या कंपनीलाही जिथे एका जोडाने त्रास दिला, तिथे गॅरेजच्या फरशीवर बसून केलेल्या जोडाकडे किती बारकाईने पाहायला हवे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

वजनाचा फायदा नेमका किती

बॅटरी मागे नेण्यामागे साधारण तीन हेतू असतात. बॉनेटखाली मोठे इंजिन, टर्बो किंवा इंटरकूलरचे पाइप बसवायला जागा करणे हा पहिला. बॅटरीला इंजिनाच्या उष्णतेपासून दूर नेणे हा दुसरा. सर्वांत जास्त सांगितला जाणारा तिसरा हेतू म्हणजे पुढचे वजन मागे नेऊन गाडी वळणांवर अधिक तोलदार करणे.

या तिसऱ्या हेतूचा हिशोब शाळेतल्या तरफेच्या नियमाने करता येतो. बॅटरीचे वजन गुणिले ती मागे सरकवलेले अंतर, भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, एवढे वजन पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जाते. आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसणारी, सुमारे ९०० किलोची आणि २,४५० मिलिमीटर व्हीलबेसची पेट्रोल हॅचबॅक घेऊ. तिची बॅटरी साधारण १० किलोची असते. ती २.९ मीटर मागे नेली तर पुढच्या चाकांवरचा भार सुमारे १२ किलोंनी कमी होतो आणि मागे तितकाच वाढतो. पुढे ६२ टक्के वजन असेल तर ते ६१ टक्क्यांच्या किंचित खाली येते. त्याच वेळी ५० चौरस मिलिमीटर जाडीच्या ५ मीटर केबलमध्ये नुसते तांबेच सव्वादोन किलो असते. त्यावर केबलचे आवरण, बॅटरीची पेटी आणि पट्ट्या धरल्या तर गाडीचे एकूण वजन चार-पाच किलोंनी वाढते. शिवाय अशा हॅचबॅकला पुढची चाके ओढतात, त्यामुळे घाटात ओल्या रस्त्यावर चढताना पुढच्या चाकांवरचे वजन उपयोगाचेच असते.

मागची चाके ढकलणाऱ्या, २५ किलोची बॅटरी वागवणाऱ्या १,४०० किलोच्या गाडीत हाच बदल २ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि स्पर्धेत उतरणाऱ्याला तेवढाही मोलाचा असतो. माझे मत स्पष्ट आहे: रोज ऑफिसला नेण्याच्या हॅचबॅकमध्ये केवळ वजनाच्या तोलासाठी बॅटरी हलवू नये. वजनच कमी करायचे असेल तर लहान आकाराची चांगली एजीएम बॅटरी (ॲसिड काचतंतूंत शोषलेली शिशाची बॅटरी) आहे त्याच जागी बसवल्याने, लांब केबल न ओढता, बराचसा फायदा मिळतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आणखी हलकी असते, पण तिला बॉनेटखालची उष्णता मानवत नाही, म्हणून ती पुढे बसवण्याआधी तिच्या तापमानाची मर्यादा तपासावी लागते.

उष्णतेचा मुद्दा मात्र खरा आहे. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक झीज साधारण दुपटीने होते, असा बॅटरीच्या व्यवसायातला ठोकताळा आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात बाहेरच ४५ अंश असताना, सिग्नलवर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली बॅटरीचे काय होत असेल याची कल्पना करता येते. डिकी उन्हात तापते हे खरे, पण ती रेडिएटर आणि तापलेल्या इंजिनाच्या शेजारी नसते.

केबलची जाडी

शेतातल्या विहिरीवर लांबून बारीक वायर ओढली की मोटार नुसती गुणगुणते आणि पाणी उचलत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला या प्रश्नाचे मर्म लगेच समजेल. वायर जितकी लांब तितका तिचा रोध जास्त, आणि त्या रोधात जितका दाब खर्च होतो तितका मोटारीपर्यंत कमी पोहोचतो. गाडीत हा प्रश्न अधिक कठीण होतो, कारण एकूण दाबच १२ व्होल्टचा असतो आणि प्रवाह प्रचंड असतो. छोट्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ फिरताना १०० ते २०० अँपिअर घेतो, मोठे डिझेल इंजिन ४०० च्या पुढेही जाते, आणि सेल्फ जागचा हलण्याच्या पहिल्या क्षणी तर प्रवाह याहून बराच जास्त असतो.

आकडे मांडून पाहू. २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरमागे सुमारे ०.७ मिलिओहम असतो. १५० अँपिअरला १ मीटर केबलमध्ये साधारण ०.१ व्होल्ट पडतो, म्हणजे कारखान्याने दिलेली केबल तिथे व्यवस्थित काम करते. तीच केबल ५ मीटर केली की घट ०.५ व्होल्टवर जाते. सेल्फच्या संपूर्ण वाटेत, जाताना आणि येताना मिळून, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नसावी असे ऑटो इलेक्ट्रिशियन मानतात, आणि इथे ती मर्यादा जाण्याच्या वाटेतच संपली. ५० चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर घट पाव व्होल्टवर येते. म्हणून छोट्या पेट्रोल गाडीसाठी ५० आणि डिझेलसाठी ७० चौरस मिलिमीटर हा माझ्या मते शहाणपणाचा पाया आहे. ३५ ची केबल स्वस्त पडते आणि वाकवायलाही सोपी असते, पण बॅटरी थोडी उतरली आणि पहाट गारठ्याची असली की तिची उणीव जाणवते.

बाजारात केबल घेताना तांबे आहे की तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम, हे पाहणे अत्यावश्यक आहे. गाडीतल्या म्युझिक सिस्टीमसाठी विकल्या जाणाऱ्या, जाड दिसणाऱ्या स्वस्त केबली बहुधा दुसऱ्या प्रकारच्या असतात. त्यांची वहनक्षमता शुद्ध तांब्याच्या ६०-६५ टक्के असते, म्हणजे ५० ची म्हणून घेतलेली केबल प्रत्यक्षात तीस-बत्तीसच्या तोडीची ठरते. टोक कापून एखादी तार चाकूने खरवडली तर आत पांढरी धातू दिसते की लाल, यावरून निर्णय होतो. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘वेल्डिंग केबल’ मागितली की मिळणारी, केसासारख्या बारीक तारांची तांब्याची केबल या कामाला चांगली, कारण ती लवचीक असते आणि गाडीच्या कंपनांनी तिच्या तारा लवकर तुटत नाहीत. मात्र तिचे रबरी आवरण तेल आणि उष्णता किती सोसते ते दुकानदाराला विचारून घ्यावे आणि बॉनेटखालच्या भागात तिच्यावर उष्णतारोधक नळी चढवावी.

केबलइतकेच महत्त्व तिच्या टोकांना आहे. टोकाला जो तांब्याचा थिंबल बसतो तो हातोडीने ठोकून किंवा पकडीने चेपून चालत नाही, त्याला षट्कोनी दाबाचे हायड्रॉलिक क्रिम्पिंग यंत्र लागते. नीट दाबलेला थिंबल मधोमध करवतीने कापला तर तारा वेगवेगळ्या दिसत नाहीत, तांब्याचा एकसंध ठोकळा दिसतो. एक नमुना असा कापून पाहण्याची तयारी असलेल्या कारागिरावर निर्धास्त विश्वास ठेवावा. केवळ डाग देऊन, म्हणजे कथील ओतून केलेला जोड मी कधीच सुचवणार नाही, कारण नेहमीच्या ६०-४० कथलाचा वितळणबिंदू १९० अंशांच्या आतच असतो आणि जोड सैल होऊन तापला तर तेच कथील आधी पातळ होते. क्रिम्प झाल्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवली की ओलावा तारांमध्ये शिरत नाही. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

प्रवाहाची परतीची वाट

प्लस केबलसाठी एवढा खर्च करून मायनसकडे दुर्लक्ष करणे ही या कामातली नेहमीची चूक आहे. प्रवाह जितका जातो तितकाच परत येतो. डिकीत बॅटरीचे मायनस गाडीच्या बॉडीला जोडले की परतीचा प्रवाह पत्र्यातून पुढे जातो. पोलाद तांब्यापेक्षा कितीतरी वाईट वाहक असले तरी बॉडीचा पत्रा सर्व बाजूंनी पसरलेला असल्यामुळे ते बहुतेक गाड्यांत चालून जाते, अर्थात बॉडी एकसंध वेल्ड केलेली आणि न गंजलेली असेल तर. जोडाच्या जागी रंग आणि प्रायमर खरवडून चकचकीत धातू उघडी करावी, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट करावा आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावून ती जागा झाकावी. सीटबेल्टच्या किंवा सीटच्या बोल्टला ही केबल अडकवू नये, कारण त्या बोल्टांचे काम माणसाचा जीव राखण्याचे आहे आणि त्यांच्यामध्ये थिंबल आला की त्यांची पकड बदलते.

आता पुढची बाजू. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने अलग असते. बॅटरी पुढे असताना मायनसची जाड केबल सहसा थेट इंजिन किंवा गिअरबॉक्सला जोडलेली असते आणि बॉडीला केवळ एक बारीक वायर जाते. बॅटरी मागे नेताना ती जाड केबल काढली आणि बारीक वायर तशीच राहिली, तर सेल्फचा सगळा प्रवाह तिच्यातून परतू पाहतो. तिला तो झेपला नाही की उरलेला प्रवाह ॲक्सिलरेटरची, क्लचची किंवा गिअरची पोलादी केबल अशा जी मिळेल त्या वाटेने परततो. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल गरम लागणे, तिचे प्लास्टिकचे आवरण वितळणे आणि ती आतून चिकटणे हा प्रकार यातूनच घडतो. म्हणून इंजिन ते बॉडी ही पट्टी प्लस केबलच्या जाडीचीच हवी.

फ्यूज, आणि फ्यूज जिथे पुरत नाही

गाडीची संपूर्ण बॉडी मायनस आहे. प्लसची केबल जिथे कुठे उघडी पडून पत्र्याला टेकेल तिथे शॉर्ट होईल, आणि पाच मीटरच्या वाटेत असे टेकण्याच्या जागा असंख्य आहेत. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध पाच-सहा मिलिओहम असतो. केबल आणि स्पर्शबिंदू यांचा रोध त्यात धरला तरी हजार-दीड हजार अँपिअर सहज वाहतात. २५ चौरस मिलिमीटरच्या केबलमधून १,५०० अँपिअर वाहिले तर पीव्हीसी आवरणाची सहनमर्यादा पाच-सहा सेकंदांत ओलांडली जाते. त्यानंतर शेजारी जे असेल ते पेटते, मग ते कार्पेट असो, सीटचा फोम असो की वायरिंग.

म्हणून प्लस केबलवर मुख्य फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीपासून शक्य तितक्या जवळ, वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूज केबलचे रक्षण करतो, पण फक्त स्वतःच्या पुढच्या भागाचे. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा उघडाच राहतो आणि फ्यूज पुढे इंजिनाजवळ बसवला तर त्याचा या धोक्यासाठी काहीही उपयोग नाही. छोट्या पेट्रोल गाडीसाठी २०० ते ३०० अँपिअरचा मेगा किंवा एएनएल प्रकारचा फ्यूज वापरतात. तो सेल्फचा दोन-चार सेकंदांचा जोर सोसेल आणि खऱ्या शॉर्टमध्ये उडेल असा निवडायचा असतो, त्यासाठी उत्पादकाने दिलेला वेळ आणि प्रवाह यांचा आलेख पाहावा लागतो. पुढे ऑल्टरनेटर हाही विजेचा दुसरा स्रोत आहे हे विसरू नये. त्याच्या वायरवर कारखान्याने दिलेला फ्यूज किंवा फ्युजिबल लिंक (फ्यूजसारखा वितळणारा वायरचा तुकडा) जशीच्या तशी ठेवावी.

फ्यूजविषयी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती क्वचितच सांगितली जाते. केबल पत्र्याला पक्की टेकली तर फ्यूज उडतो. पण आवरण हळूहळू झिजून तारा पत्र्याला निसटत्या टेकल्या तर तिथे ठिणग्या उडत राहतात आणि प्रवाह शे-दीडशे अँपिअरच्या आसपासच राहतो. सेल्फ सोसणारा फ्यूज हा प्रवाह सेल्फचाच समजतो आणि शाबूत राहतो, पण आग लागायला तेवढा प्रवाह पुरेसा असतो. या धोक्यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे केबल झिजू न देणे. पत्र्यातून जाताना प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे धार झाकणारे कडे, हवे. संपूर्ण लांबीवर खाचांची संरक्षक नळी हवी. दर वीत-दीड वीतीवर रबर लावलेल्या क्लिपने केबल बॉडीला बांधलेली हवी. वाट गाडीच्या आतून, दरवाज्याच्या उंबऱ्यालगत घ्यावी आणि पेट्रोलची नळी ज्या बाजूने जाते तिच्या विरुद्ध बाजूने घ्यावी. त्याच उंबऱ्यात एअरबॅग आणि सीटबेल्टच्या वायरी असतात, बहुतेक गाड्यांत त्यांचे प्लग पिवळे असतात, त्यांना धक्का लावू नये. सीट पुढे-मागे पूर्ण सरकवून रूळ केबलवर येत नाहीत ना, हे स्वतः वाकून पाहावे.

स्पर्धेच्या गाड्यांत दुसरी एक पद्धत वापरतात आणि ती समजून घेण्यासारखी आहे. सेल्फची जाड केबल बॅटरीला थेट न जोडता डिकीतच बॅटरीशेजारी एक दणकट सोलेनॉइड, म्हणजे विजेने चालणारा स्विच, बसवतात. किल्ली फिरवली की तो सोलेनॉइड जोडला जातो आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांपुरतीच जाड केबल जिवंत होते, एरवी ती मृत असते. चार्जिंगसाठी आणि बाकीच्या गाडीसाठी वेगळी, त्यामानाने बारीक केबल असते आणि तिला तिच्या जाडीला साजेसा लहान फ्यूज लावता येतो. काम वाढते, पण सेल्फसाठी म्हणून फ्यूज मोठा ठेवण्याची सक्ती संपते.

मोटरस्पोर्टमध्ये याच्या जोडीला मुख्य कटऑफ स्विच सक्तीचा असतो. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांप्रमाणे तो गाडीच्या आतून आणि बाहेरून दोन्हीकडून चालवता यायला हवा, आणि बाहेरच्या जागेवर पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल ठिणगीचे चिन्ह असते, म्हणजे मदतीला धावणाऱ्याला शोधत बसावे लागत नाही. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतींत, एनएचआरए या संघटनेचे नियम बॅटरी मागे नेलेल्या गाडीला अगदी मागच्या बाजूला असा स्विच लावायला सांगतात आणि त्याने इंजिनही बंद पडलेच पाहिजे असा आग्रह धरतात. या आग्रहाला कारण आहे. इंजिन चालू असताना केवळ बॅटरी तोडली तर ऑल्टरनेटर इंजिनाला वीज पुरवत राहतो आणि गाडी बंदच होत नाही. शिवाय त्या क्षणी ऑल्टरनेटरचा दाब उसळून इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. म्हणून इग्निशन आणि ऑल्टरनेटर यांनाही एकाच वेळी तोडणारे, जास्त टर्मिनलांचे स्विच वापरतात. आपल्याकडच्या रॅली किंवा ऑटोक्रॉससाठी गाडी तयार करणाऱ्याने एफएमएससीआय या भारतीय मोटरस्पोर्ट महासंघाची त्या वर्षीची नियमपुस्तिका काम सुरू करण्याआधी वाचावी, नंतर नव्हे.

बंद डिकी आणि हायड्रोजन

शिशाची बॅटरी चार्ज होताना, विशेषतः जास्त चार्ज होताना, पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की मिश्रण पेट घेऊ शकते, आणि त्यासाठी लागणारी ठिणगी इतकी क्षुल्लक असते की हात लावताना बसणारा स्थिर विजेचा चटकाही पुरतो. बॉनेटखाली वारा खेळतो, म्हणून तिथे हा वायू साचत नाही. डिकी बंद असते, आणि मागच्या सीटच्या फटींतून ती प्रवाशांच्या जागेशी जोडलेली असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्या बाजारात ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणून मिळणारी बॅटरी सीलबंद असतेच असे नाही. तिच्यात पाणी घालावे लागत नाही एवढाच त्याचा अर्थ, आत बहुधा साधे पातळ ॲसिडच असते आणि झाकणाला वायू बाहेर पडण्याची बारीक छिद्रे असतात. डिकीसाठी एजीएम बॅटरी घ्यावी. तिच्यात ॲसिड काचतंतूंच्या थरांत शोषलेले असते आणि तयार झालेले वायू बहुतांशी आतच पुन्हा पाणी होतात. तरीही ऑल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून दाब वाढला तर तिचाही झडप-मार्ग उघडतो, त्यामुळे वायू बाहेर नेणारी नळी जोडता येईल असे मॉडेल घेऊन ती नळी मजल्यातून खाली, सायलेन्सरपासून दूर सोडावी. डिकीत सडक्या अंड्यांसारखा वास आला तर बॅटरी जास्त चार्ज होते आहे असे समजून गाडी थांबवावी आणि सगळ्या काचा उघडाव्यात.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या डिकीत बॅटरी कधीही बसवू नये. महाराष्ट्रात अशा गाड्या लाखोंनी आहेत आणि त्यांचा सिलिंडर, झडप आणि जोड डिकीतच असतात. ज्वलनशील वायूच्या जोडांशेजारी शेकडो अँपिअरची टर्मिनले ठेवण्याला कोणतीही पेटी, कोणताही फ्यूज समर्थन देऊ शकत नाही.

बॅटरी किती घट्ट बांधायची, याचे उत्तर अपघाताच्या हिशोबात आहे. जोरदार धडकेत गुरुत्वाच्या तीसपट धक्का बसला तर १५ किलोची बॅटरी साडेचारशे किलोंच्या जोराने पुढे झेपावते, आणि तिच्यासमोर मागच्या सीटवर माणसे असतात. प्लास्टिकच्या पेटीवरून ओढलेला नायलॉनचा पट्टा इथे कामाचा नाही. एफआयएने अशा ठिकाणी १० मिलिमीटरचे बोल्ट आणि पत्र्याखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची, २० चौरस सेंटिमीटरची पट्टी सांगितली आहे. रस्त्यावरच्या गाडीलाही तेच माप लावावे, कारण पातळ पत्र्यातून बोल्ट ओढून निघू नये यासाठी ती पट्टी असते. मागून धडक बसली की डिकीचा शेवटचा भाग चेपला जाण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणून बॅटरी मागच्या बंपरपासून दूर, चाकाच्या कमानीलगत ठेवावी. स्टेपनीच्या खळग्यात ती खाली बसते आणि छान दिसते, पण मग स्टेपनी कुठे ठेवायची हे आधी ठरवावे.

नव्या गाड्यांबाबत सबुरी हवी. सिग्नलवर आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर बॅटरीचा प्रवाह आणि तापमान मोजणारा सेन्सर असतो. तो बॅटरीबरोबर न्यावा लागतो आणि अर्थिंगच्या सगळ्या वायरी त्याच्या बॉडीकडच्या बाजूलाच जोडाव्या लागतात, नाहीतर संगणकाला चार्जचा अंदाजच येत नाही. ज्यांत दोन बॅटऱ्या आहेत अशा माइल्ड हायब्रिड गाड्यांत हे काम करूच नये. वायरिंग बदलले की विजेच्या भागांची वॉरंटी बहुधा जाते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. बॅटरीची जागा त्या प्रमाणपत्रात लिहिलेली नसते, पण आगीचा दावा करायची वेळ आली तर विमा कंपनी या बदलाबद्दल विचारणारच, म्हणून तिला आधी लेखी कळवलेले बरे.

काम झाल्यावर ते डोळ्यांनी पाहून पास करू नये, मीटरने करावे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीला आणि दुसरे सेल्फच्या बोल्टला लावावे आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था आधी केली तर वाचन स्थिर मिळते. पेट्रोल गाडीत हा आकडा ०.३ व्होल्टच्या आत हवा. मग बॅटरीची मायनस खुंटी आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये तसेच मोजावे, तिथे ०.२ च्या आसपास हवा. आकडा जास्त आला तर मीटरचे टोक एकेक जोड ओलांडत पुढे सरकवावे, ज्या जोडावर आकडा उडी घेईल तो जोड उघडून पुन्हा करावा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या खुंट्यांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. महिनाभर गाडी चालल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत, कारण नवे थिंबल आणि वॉशर सुरुवातीच्या दिवसांत दबून सैल होतात.

आणखी एक सोय बॉनेटखाली करून ठेवावी. प्लससाठी झाकण असलेली एक खुंटी आणि मायनससाठी इंजिनावरचा एक मोकळा बोल्ट नक्की करून ठेवला, तर बॅटरी उतरल्यावर दुसऱ्या गाडीवरून जंप देता येतो. ज्या गाडीची डिकी फक्त विजेच्या बटणाने उघडते, तिच्यात ही खुंटी नसली तर उतरलेली बॅटरी बंद डिकीत आणि डिकी उघडायला लागणारी वीज त्याच बॅटरीत, अशी अडचण होते.